हातचा एक

सान्तियागो ते ऑकलंड :
नऊ हजार सहाशे किलोमीटर, वर थोडे.
जाताना तेरा तास, येताना अकरा.
अंतर तेच, मग दोन तास कुठे गळतात?
ओसियेल म्हणाला, वाऱ्याला विचार.

वारा तर आमच्या दारातलाच.
पुएर्तो नातालेसची झाडं
त्यानेच एका कुशीवर निजवून ठेवलीत.
दोरीवरचे कपडे तो वाळवत नाही, पळवतो.
आधी विमानाच्या नाकावर बसतो रात्रभर,
मग सवडीने येतो
माझ्या छपरावर.

मी ज्या शाळेत फरशी पुसते
तिथे एक पृथ्वीगोल आहे, आफ्रिकेला पोचा आलेला.
मुलं घरी गेल्यावर त्यावर लोकरीचा धागा ताणून पाहिला.
आमच्या गावापासून थेट ऑकलंड,
बर्फाच्या कडेकडेने.
सान्तियागोहून ताणलेल्या धाग्यापेक्षा
दोन बोटं आखूड भरला!
पण धाग्यावरून विमान जात नाही.
आधी साडेतीन तास उत्तरेला जायचं,
मग तिथून पुन्हा दक्षिणेला वाकत वाकत.
दुसऱ्यांच्या मेंढ्या कातरायला
दरवर्षी हा द्राविडी प्राणायाम.

या खेपेला मध्येच त्याची पन्नाशी आली.
चौदा नोव्हेंबर.
तेराच्या रात्री साडेअकराला विमान उडालं
आणि पहाटे उतरलं तेव्हा तिकडे पंधरा तारीख.
फोनवर हसत होता :
"मला चौदा लागलीच नाही, मी अजून एकोणपन्नासचा."
तेव्हा माझ्या घड्याळात दुपारचा एक,
आणि भिंतीवर चौदाच.
रुबार्बचा केक ओट्यावर निवत होता.
मी म्हटलं, बरं.
म्हटलं, जपून राहा, कातरीला तेल दे.

फोन ठेवला आणि छपराचा एक पत्रा उचकटला.
असा वाजायला लागला,
जणू कोणी ताट घेऊन जेवण मागतंय.
शेजारच्या उबिल्दाचा नवराही तिकडेच, मेंढ्यांत.
मग शिडी लावली.
लग्नाला सव्वीस वर्षं झाली
आणि स्वतःचं छप्पर मी वरून पाहिलं नव्हतं.
तोंडात पाच खिळे, कमरेला त्याचा हातोडा.
खाली शेवटच्या आशेची खाडी
(नावच तसं आहे, मी ठेवलेलं नाही)
आणि तिच्यात काळ्या मानेचे हंस,
सगळे वाऱ्याकडे तोंड करून.
तीन खिळे सरळ गेले, दोन वाकडे.
केक मी वरच खाल्ला,
एक हात पत्र्यावर दाबून.
त्याला यातलं काही सांगितलं नाही.
त्याच्याकडे नसलेल्या दिवसात
तो कुठे ठेवणार होता?

फेब्रुवारीत परतला.
ऑकलंडहून रविवारी संध्याकाळी सहाला निघाला,
सान्तियागोला उतरला रविवारी दुपारी एकला,
निघायच्या आधी पाच तास.
घरी पोचला तोवर सोमवार.
हाताला अजून लोकरीच्या मेणाचा वास,
आणि चेहरा असा, की जुनी उसनवारी फेडून आलाय.
"घेतला होता तेवढा परत दिला," म्हणाला,
"अख्खा रविवार दोनदा जगलो."
दुसऱ्यांदा काय केलंस, मी विचारलं.
विमानतळाच्या खुर्चीत झोपला होता,
बूट उशाला घेऊन.

हिशेब जुळला म्हणून तो खूष.
मीही मान हलवली.
बेरजेत हातचा एक
कोणाच्या हातात राहतो,
हे शाळेत नीट सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वारा पडला, तसा छपरावर चढला.
बराच वेळ वरून आवाज नाही.
मग हाक आली :
"हा पत्रा कोणी ठोकला?
दोन खिळे वाकडेत!"

"चौदाला ठोकलाय," मी खालून म्हटलं.

"कोणत्या चौदाला?"